दुसऱ्या दिवसाचा भात

गेल्या वर्षी लेकीचे एक पत्र आले होते. त्याला मी उत्तर दिले नाही. द्यायचे नव्हते असे नाही. सात वेळा लिहायला बसलो, सातही वेळा मजकूर खोडला. पत्र आधी उशीखाली होते, तेथून टेबलाच्या खणात गेले आणि खणातून कपाटात. अडतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून मी लोकांच्या चुका काढल्या, पण स्वतःचे एक सरळ वाक्य लिहायचे म्हटले की हात अडतो. मला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून लेक फोनवर औषध घेतले का, जेवलात का, एवढेच मोठ्याने विचारते, आणि मनातले जे काही असेल ते लिहून पाठवते. तिचे ते मनातले मी कपाटात ठेवून दिले.

तिने लिहिले होते:

"बाबा, वल्हांडणाला महिना राहिलाय. या वर्षी तुम्ही आठही दिवस आमच्याकडे या. आईसारखा जेवणाचा कागद करायला बसलेय, पण जमत नाही. पहिले तीन दिवस झकास भरले. सहाव्या दिवशी 'बघू' असं लिहिलंय, सातव्या दिवशी 'उरलंसुरलं', आणि आठवा कोराच आहे. आईचा डबा समोर आहे. त्यात छत्तीस वर्षांचे कागद आहेत, शेवटच्या वर्षाचा तेवढा नाही. तिनं खरंच काही लिहिलं नव्हतं का? आणि येताना मातीचं भांडं घेऊन या. सांभाळून आणा. दुसऱ्या दिवसाचा भात त्यातच झाला पाहिजे."

मागितल्या होत्या दोनच वस्तू, एक कागद आणि एक भांडे. त्या दोन्हींच्या बाबतीत मी तिला फसवले होते.

वल्हांडणाचे आठ दिवस आमच्या यहुदी घरांत खमीर नसते. गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते काही वेळ तसेच राहिले, की आमच्या लेखी ते खमीर झाले. त्यामुळे सणाच्या आधी सगळे घर झाडून काढायचे, खणांचे कोपरेसुद्धा जुन्या दातांच्या ब्रशने खरवडायचे, रोजची भांडी कुलपात घालायची आणि वर्षभर बांधून ठेवलेली सणाची भांडी खाली काढायची. आठ दिवस पाव नाही, बिस्किट नाही. पातळ, कोरडी बेखमीर भाकर तेवढी. काही घरांत भातही चालत नाही. आमच्याकडे चालतो, पण तांदळात गव्हाचा एकही दाणा राहू नये म्हणून तो तीन वेळा निवडावा लागतो.

तांदूळ निवडणे हे माझे काम होते. स्वयंपाकघरात मला दुसरे काही येत नव्हते. छापखान्यातही मी प्रत्येक मजकूर तीनदा वाचत असे, तेव्हा काम सवयीचेच होते. चष्मा चढवून ताट मांडीवर घेतले की माझा तासन्‌तास वेळ जाई. बायको दारात येऊन उभी राही आणि म्हणे, "अहो, तुम्ही तांदूळ निवडताय की वाचताय?"

ती स्वतः त्याच वेळी कागद घेऊन बसलेली असे. मी छापखान्यातून वाया गेलेली प्रुफे घरी आणत असे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती आठवड्याची सगळी जेवणे मांडी. एका बाजूला शाळेच्या भूगोलाचे पान आणि त्यावर माझ्या लाल खुणा, उलट बाजूला तिचे बटाटे, अंडी, मासे आणि बीट. तिची एक पद्धत होती. कागद आठव्या दिवसापासून लिहायला घ्यायचा आणि मागे मागे येत पहिल्या दिवसापर्यंत पोहोचायचे. नवी सून म्हणून घरात आली तेव्हा माझ्या आईने तिला यावरून हसून घेतले होते. बायकोने मान खाली घालून ऐकून घेतले आणि कागद उलटाच लिहिला. पुढे मला म्हणाली, "पहिल्या दिवशी काय, काहीही वाढा, कौतुकानं खातात. सहाव्या दिवशी बटाटा बघितला की पोरं तोंड फिरवतात. म्हणून चांगलंचुंगलं आधी शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचं."

दुसऱ्या दिवसाचा भात तेवढा कधी बदलला नाही. छत्तीस वर्षे त्या जागी तेच लिहिलेले होते: 'भात – मातीच्या भांड्यात'. हे भांडे तिला तिच्या आईकडून आले होते. बुटके, आतून तपकिरी झिलई असलेले, काठाला नखाएवढा टवका उडालेला. वर्षातून एक आठवडा ते चुलीवर चढे. बाकीचे एकावन्न आठवडे जुन्या चादरीत गाठ मारून माळ्यावर असे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बायको अंथरुणाला खिळली. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. गेली म्हणजे काय, सगळ्याला लोखंडाची चव येऊ लागली. दूध, सूप, फळांचा रस, काहीही तोंडाशी नेले की ती चेहरा वाकडा करी आणि वाटी बाजूला सारी. नर्सबाई म्हणाल्या, चमचा लाकडी वापरून बघा. तो आणला. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. एके दिवशी दुपारी ती डोळे मिटूनच म्हणाली, की लहानपणी ताप आला की तिची आई गव्हाच्या रव्याची पातळ पेज देत असे आणि त्या पेजेला मातीचा वास येई. एवढेच म्हणाली. काही मागितले नाही.

तिला झोप लागल्यावर मी स्टूल घेतले, माळ्यावरचे गाठोडे खाली काढले आणि सणाच्या भांड्यात गव्हाच्या रव्याची पेज केली. दुसरे मातीचे भांडे घरात नव्हते. बाजार लांब होता आणि तिला एकटीला सोडून मला जाता येत नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. शेजारीण अर्धा तास बसली असती. शेजारच्या दारावर थाप मारून कोणाला काही सांगायचे, हे मला आयुष्यात कधी जमले नाही. स्टुलावर चढणे सोपे वाटले.

बायकोने वाटीभर पेज खाल्ली. कितीतरी दिवसांनी वाटी रिकामी झाली. तिने विचारले, "कशात केलीत?" मी म्हणालो, नवे भांडे आणले. तिने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "चांगलं निघालं की."

त्यानंतर एकोणीस दिवस मी त्या भांड्यात पेज करत होतो. विसाव्या दिवशी ती लागली नाही.

या एकोणीस दिवसांपैकी एका दिवशी तिने कागद मागितला. मी तिला जुने प्रूफ दिले, पाठीशी उशा लावल्या आणि तिच्या समोर बसून एक प्रवासवर्णन मोठ्याने वाचू लागलो. रोज चार पाने वाचायची असा आमचा नेम होता. माझे वाचन चालू असताना ती लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि डब्यात ठेवायला सांगितली. वल्हांडणाचा कागद आहे हे मला कळले होते. जो सण ती पाहणार नव्हती, त्याची जेवणे वाचण्याची माझी छाती झाली नाही. औषधांच्या चिठ्ठीवरचा मजकूरही मी शेवटपर्यंत वाचतो. ती घडी मात्र न उघडता हातातल्या पुस्तकात घातली आणि पुस्तक मिटले. पुढे ते पुस्तक आमचे पूर्ण झाले नाही.

ती गेल्यावर मी भांडे घासून पुसून चादरीत बांधले. गाठही तिच्यासारखीच मारली.

दीड महिन्याने सण आला. लेक, जावई आणि नात माझ्याकडे राहायला आले. लेक लहानपणापासून नेमाची काटेकोर. सात वर्षांची असताना सणात तिच्या फ्रॉकच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला, तर दोन दिवस रडत होती. आईच्या माघारी तिने सगळे दुःख त्या आठवड्याच्या तयारीत ओतले. कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा पुसल्या. मग मला विचारले, "आईनं या वर्षीचा कागद केला होता?" मी नाही म्हणालो. होय म्हणालो असतो तर तो शोधावा लागला असता, उघडावा लागला असता, तिच्यासमोर वाचावा लागला असता.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून गाठोडे काढले. मी तेव्हा ताट घेऊन तांदूळ निवडत होतो. तोंडाशी शब्द आले होते. पण तिने चादर सोडली, भांडे दोन्ही हातांत धरले आणि त्यात तोंड घातले. मग वर बघून म्हणाली, "बाबा, आईचा वास येतोय याला."

मी ताटावर मान खाली घातली. त्या दिवशी तांदूळ मी चार वेळा निवडला. मग त्या भांड्यात भात झाला, सगळे जेवले, मीही जेवलो. जाताना तिने जुन्या कागदांचा डबा आठवण म्हणून मागून घेतला.

पुढच्या वर्षी तिचे पत्र आले.

पत्र आल्यावर आठ दिवसांनी मी आमच्या प्रार्थनामंदिरात जाणत्या म्हाताऱ्यांकडे गेलो. त्यांना सगळे मामाच म्हणतात. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत, तरी मीही मामाच म्हणतो. त्यांना म्हणालो, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या हातून असे असे झाले. मामांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मधेच त्या गृहस्थांची तब्येत कशी आहे ते विचारले. मी म्हणालो, बरी आहे, पाठ दुखते थोडी.

मग ते म्हणाले की आजाऱ्यासाठी केले त्यात पाप धरू नये. तांब्यापितळेचे असते तर उकळत्या पाण्यातून काढून घेता आले असते, मातीच्या भांड्याला मात्र तो उपाय नाही. ते आता रोजच्या वापरात घ्यावे. नकळत जे जेवले त्यांना दोष नाही.

"आणि ज्यांना ठाऊक होतं?" मी विचारले.

"त्या गृहस्थांना सांगा, मामाकडे येऊन काय उपयोग? घरी जाऊन सांगा. मी काय त्या भांड्यातलं जेवलो नव्हतो."

मी हो म्हणून घरी आलो आणि सातवा मजकूर खोडला. सणाच्या तोंडावर फोनवर लेकीला सांगितले की पाठ धरली आहे, प्रवास झेपणार नाही. ती काही तरी म्हणाली, मला ऐकू आले नाही. पुन्हा विचारायचे धैर्य झाले नाही. आठ दिवस मी उकडलेली अंडी आणि बेखमीर भाकर खाऊन काढले. चौथ्या दिवसापर्यंत अंडी संपली होती.

या वर्षी तिचे पत्र आले नाही. फोन येतो. औषध घेतले का, जेवलात का. सणाला तीन आठवडे राहिले तरी तिने त्याचा विषय काढला नाही आणि मीही नाही. नातीला एकदा फोनवर आणले होते. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागावलाय का आमच्यावर?" हे मात्र मला स्पष्ट ऐकू आले. लहान मुलांचा आवाज टोकदार असतो. रागावलो नाही म्हणालो. मागून लेकीचा आवाज आला, राहू दे गं, दे इकडे फोन.

त्याच दुपारी मी ठरवले की यंदा अंड्यांवर राहायचे नाही. निदान आठ दिवसांचे नीट मांडून घ्यायचे. पाटीवर कागद घेतला. आठव्या दिवसापासून सुरुवात केली आणि आठव्या दिवशीच अडलो. एका माणसाने चांगले म्हणून काय राखून ठेवायचे? बायकोने काय केले असते असे मनात आले, आणि मग उठून ते प्रवासवर्णन काढले. घडी एकशे बाराव्या पानावर होती. तेथपर्यंत आम्ही पोहोचलो होतो.

अक्षर वेडेवाकडे होते. ओळी खाली घसरल्या होत्या, पण क्रम तिचाच होता, शेवटाकडून सुरुवातीकडे. आठव्या दिवशी मासा, त्याच्यापुढे 'यांना काटे काढून' असे लिहिलेले. सातव्या दिवशी कोंबडी. सहाव्या दिवशी 'बटाटा अजिबात नको'. पाचवा, चौथा, तिसरा. मग दुसरा दिवस. तेथे लिहिले होते:

'भात – तांब्याच्या पातेल्यात. मातीच्या भांड्यात नको.'

मी ती ओळ तीनदा वाचली. सवयीने वाचली. तिसऱ्यांदा वाचताना मला आमच्या खोलीचे दार आठवले. तिच्या पलंगावरून, आडवे पडल्यावर, त्या दारातून माळ्याची कडा दिसते. मी उभा वावरणारा माणूस, माझ्या ते कधी लक्षात आले नाही. एकोणीस दिवस तिला तेथे चादरीचे गाठोडे दिसले नव्हते. तिला पहिल्या वाटीपासून ठाऊक होते. ती पेज खात राहिली, चांगलं निघालं म्हणाली, आणि कागदावर भाताची सोय दुसऱ्या पातेल्यात लावून मोकळी झाली. मला त्याबद्दल एका शब्दानेही विचारले नाही.

खाली आणखी तीन ओळी होत्या.

'नवे मातीचे भांडे आणणे – एक. यांना पाठवू नये, दुकानदार फसवतील. लेकीला सांगणे.'

'तांदूळ यांना दोनदाच निवडू द्यावा, डोळ्यांना त्रास होतो. तिसऱ्यांदा लेकीने.'

'लेकीने यांना बोलू नये.'

मी तो कागद डब्यात ठेवला असता तर लेकीला तो त्याच सणात मिळाला असता. तिला सगळे आईच्या हातून कळले असते, भात तांब्यात झाला असता आणि मला तोंड उघडावेही लागले नसते. बायकोने माझी सगळी सोय करून ठेवली होती. मी ती न वाचता पुस्तकात मिटून टाकली. खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला, एवढे आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन मी नवे मातीचे भांडे आणले. घरी आणून पाणी भरले तर बुडातून पाझरायला लागले. तिचे म्हणणे खरे ठरले. दुपारी ते परत घेऊन गेलो. दुकानदारासमोर मी भांडे नुसतेच इकडून तिकडे फिरवत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "गळतंय का, काका? मग सांगा ना तसं." त्याने दुसरे दिले आणि तेथेच पाणी भरून दाखवले. वस्तू बदलून आणण्याची माझी आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मग माळ्यावरचे गाठोडे काढले, चादर सोडली आणि जुने भांडे रोजच्या फळीवर, चहाच्या पातेल्याशेजारी ठेवले. त्याच्या जागी नवे भांडे त्याच चादरीत बांधणार होतो, पण चादर आधी धुवायला टाकली.

आणि लिहायला बसलो. प्रस्तावना मनात आली ती लिहिली नाही. असे लिहिले:

"मातीचं भांडं सणाचं राहिलेलं नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी त्यात तिच्यासाठी गव्हाची पेज करत होतो, एकोणीस दिवस. तू त्यात तोंड घालून वास घेतलास, तो खरंच तिचा होता. पण मी गप्प बसलो, आणि तुम्हा सगळ्यांना त्यातला भात खाऊ दिला. मामा म्हणतात नकळत खाल्लं त्यांना दोष नाही. म्हणजे तुला नाही, जावईबापूंना नाही, पोरीला नाही. मला आहे.

"आईनं कागद केला होता. मी तुला नाही म्हणालो ते खोटं होतं. तो सोबत पाठवतोय. तिनं शेवटी काय लिहिलंय ते वाच. पण तिचं ऐकलंच पाहिजे असं नाही. तुला बोलायचं असेल तर बोल. फोनवर मोठ्यानं बोल.

"तुझा कागद पहिल्या दिवसापासून लिहिलास म्हणून सहाव्याला अडलीस. आठव्यापासून सुरू कर. नवं भांडं घेतलंय, गळत नाही, बघून घेतलंय. बोलावलंस तर घेऊन येईन. तांदूळ दोनदा निवडून देईन. मी तुमच्यापैकी कुणावरही रागावलेलो नाही, एवढं पोरीला सांग."

बायकोचा कागद स्वतःकडे ठेवून लेकीला त्याची नक्कल पाठवावी, असे आधी मनात होते. चार ओळी उतरवल्याही. सुबक अक्षरात, समासांत, एकाखाली एक. बघितले तर ते छापखान्यातले काम दिसत होते. म्हणून तिचाच कागद घडी करून पाकिटात घातला. घडी जुन्याच खुणेवर बसली. पाठीमागे शाळेच्या भूगोलाचे एक पान होते, नद्यांचे, आणि त्यात मी एका ठिकाणी लाल शाईने सुटलेले अक्षर भरले होते.

टपाल चार वाजता निघते. पत्र एकदाच वाचून पाकीट चिकटवले होते. कोपऱ्यावरच्या पेटीशी पोहोचल्यावर, उघडून आणखी एकदा वाचावे असे फार वाटले. कदाचित 'खोटं' या शब्दाऐवजी दुसरा काही बसला असता. टपालवाला पेटी रिकामी करायला आला होता. त्याने पिशवीचे तोंड माझ्यापुढे धरले आणि विचारले, "टाकताय का?"

टाकले.